कठीण लाकडाचा उघडा ओटा : उभारणी आणि निगा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही नावे उच्चारताच आज इमारतींची गर्दीच डोळ्यांपुढे उभी राहते. तथापि या उपनगरांच्या पोटात जुनी गावठाणे अद्याप आहेत. गोराई, मनोरी व मढ या बाजूंस नारळी-आंब्याच्या वाड्याही काही प्रमाणात टिकून आहेत. अशा वाडीतील घरापुढे दगडमातीच्या ओट्याऐवजी लाकडी फळ्यांचा उघडा ओटा बांधण्याची रीत अलीकडे वाढत आहे. यालाच शहरी बोलीत ‘डेक’ म्हणतात. ओल्या जमिनीपासून उंच व पायांस सुखकर असा हा ओटा बसण्याउठण्यास, भाजी निवडण्यास व आल्यागेल्याच्या सोयीस उपयोगी पडतो.

परंतु असे पुष्कळदा आढळते की, महागामोलाचे सागवान घालून बांधलेला ओटा तीन-चार पावसाळ्यांतच खचू लागतो. वरून फळी धडधाकट दिसते, पण एखाद्या दिवशी पाय पडताच ती मोडते व माणूस जायबंदी होतो. मग मालक लाकडाला दोष देतो, सुतार पावसाला दोष देतो. वास्तविक दोष बहुधा दोहोंचाही नसतो. उघड्यावरचे चांगले लाकूड पावसाच्या माऱ्याने सहसा कुजत नाही. ते कुजते पाऊस सरल्यावर सांध्यांत अडकून राहिलेल्या ओलीने. हे एक तत्त्व ध्यानी घेतले, म्हणजे उभारणीचे व निगेचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

लाकूड का कुजते

कूज ही एका प्रकारच्या बुरशीची करणी होय. या बुरशीला हवा, उबदारपणा, अन्न व ओल या चार गोष्टी लागतात. पैकी हवा व ऊब मुंबईत बारा महिने आहेत, आणि अन्न म्हणजे खुद्द लाकूडच. माणसाच्या हाती राहते ती केवळ ओल. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहिले, तर बुरशीला जोर धरता येत नाही.

सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीने सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर तेथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एवढ्या पावसात लाकूड भिजणारच. प्रश्न एवढाच की, उघडीप मिळताच ते किती लवकर सुकते. सुट्या फळीचा पृष्ठभाग वाऱ्याने काही तासांत कोरडा होतो. परंतु दोन लाकडे जेथे एकमेकांस चिकटून बसतात, तेथे शिरलेले पाणी कित्येक दिवस हलत नाही. म्हणून ओटा प्रथम कुजतो तो नेमक्या चार जागी : फळी जेथे कडीवर टेकते तेथे, फळीच्या कापलेल्या टोकांशी, खांबाच्या बुडाशी, आणि घराच्या भिंतीलगत.

येथे एका जुन्या सवयीविषयी सावध करणे अवश्य आहे. जुन्या घरांचे माळे कडीपाटाचे असत. त्या कामात पाट एकमेकांस घट्ट भिडवितात, खाच व जीभ करून फट मुळीच राहू देत नाहीत; कारण वरची धूळ खाली पडू नये हा तेथे हेतू असतो. छपराखाली ही पद्धत योग्यच आहे. परंतु तोच कसबी सुतार जेव्हा उघड्या ओट्याचे पाटही तसेच घट्ट भिडवितो, तेव्हा त्याचे कसबच ओट्याचा घात करते. घरातील पाटांत फट राहणे हा दोष, तर उघड्यावरच्या पाटांत फट नसणे हा दोष.

लाकडाची निवड

उघड्यावरच्या कामास सागासारखे लाकूड नाही. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात व त्यांमुळे वाळवी व बुरशी यांस ते सहजासहजी बळी पडत नाही. शिवाय ओल-उन्हाने ते इतर कठीण लाकडांच्या मानाने कमी फुगते व कमी आकसते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे. तिची डागडुजी वेळोवेळी झाली आहे हे खरे. पण उत्तम लाकूड आणि नियमित डागडुजी हे दोन्ही मिळूनच लाकूड दोन शतके टिकते, हाच त्यातील बोध होय.

मात्र ‘साग’ या नावाखाली मिळणारे सर्वच लाकूड सारखे नसते. टिकाऊपणा असतो तो पिवळसर-तपकिरी गाभ्यात. सालीलगतचे फिकट पांढरे लाकूड सागाचे असले तरी कीड व कूज यांपुढे दुबळेच असते. परदेशी लागवडीतील कोवळ्या झाडांच्या मालात हा पांढरा भाग पुष्कळ असू शकतो. म्हणून प्रत्येक फळी चारही कडांनी पाहून घ्यावी व पांढऱ्या पट्ट्याची फळी ओट्यासाठी नाकारावी.

ऐन हे कोकणात घराच्या खांबांस व तुळयांस पूर्वापार वापरले जाणारे लाकूड आहे. ते सागाहून जड व मजबूत असते, पण फुगते अधिक व उन्हात त्यास चिरा पडतात. सांगाड्यास ते चालेल. वरच्या फळ्यांस शक्यतो सागच घ्यावा. आंबा, सावर यांसारखी मऊ लाकडे या कामी मुळीच घेऊ नयेत.

पाडलेल्या जुन्या इमारतींतील सागवान उपनगरांत मिळू शकते. त्यांपैकी काही लाकूड ब्रह्मदेशातून आलेले असते. त्या देशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्याने अशा जुन्या मालाचे मोल वाढले आहे. हे लाकूड अनेक वर्षांचे मुरलेले असल्याने वाकत-पिळत नाही. ते घेताना सर्व खिळे उपटावेत, टोच्याने टोचून मऊ भाग तपासावा, व बारीक छिद्रांतून पीठ गळत असल्यास ती फळी वगळावी. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून असा रंग खरवडताना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी, मुलांना दूर ठेवावे आणि खरवड गोळा करून काढून टाकावी. ती वाडीच्या मातीत मिसळू देऊ नये.

वाडीतील स्वतःच्या मालकीचा साग तोडावयाचा असला, तरी महानगरपालिकेच्या हद्दीत १९७५ च्या वृक्षविषयक अधिनियमानुसार आधी परवानगी घ्यावी लागते. जंगलातून आलेला माल विकत घेताना वनखात्याची निशाणी व वाहतुकीचा पास पाहून घ्यावा. किनाऱ्यालगतच्या भागात बांधकामाच्या परवानगीची चौकशीही आरंभीच करावी.

लाकूड वाळविणे

ओले लाकूड बसविले तर ते जागेवर सुकताना वाकते, चिरते व स्क्रू सैल होतात. नव्या फळ्या दसऱ्यानंतर छपराखाली, जमिनीपासून फूटभर उंच रचाव्यात. दोन थरांमध्ये दर दोन फुटांवर एक इंच जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत याव्यात, म्हणजे वारा खेळतो व फळी वाकत नाही. टोकांना मेण किंवा तेलरंग लावावा. कारण टोकांकडून लाकूड झपाट्याने सुकते व उकलते. एक इंची फळी साधारणतः चैत्र-वैशाखापर्यंत कामास येते.

लाकूड वाळले की नाही हे जाणण्यास एक सोपी कसोटी आहे. थराच्या मध्यभागी ठेवलेल्या फळीचा फूटभर तुकडा कापून तो त्याच रचणीत ठेवावा व दर आठवड्यास काट्यावर तोलावा. लागोपाठ तीन आठवडे वजन घटले नाही, म्हणजे लाकूड हवेशी समतोल झाले असे समजावे.

पाया व सांगाडा

ओट्याखालची जमीन घरापासून बाहेरच्या बाजूस उतरती करून घ्यावी, म्हणजे तेथे पाणी साचणार नाही. साचलेले पाणी लाकडास घातक तर आहेच, शिवाय त्यात डासांची पैदास होते. जमिनीवर खडीचा थर पसरावा.

कोणतेही लाकूड मातीस लागता कामा नये. घट्ट जमीन लागेपर्यंत खड्डा खणून काँक्रीटची किंवा काळ्या दगडाची बैठक बांधावी व ती जमिनीवर किमान नऊ इंच उंच ठेवावी. जेथे पावसाळ्यात पाणी तुंबते, तेथे मागील पुराची भिंतीवरची खूण पाहून उंची वाढवावी. बैठकीच्या माथ्यावर डांबरी पट्टी किंवा लोखंडी बूट ठेवून मगच त्यावर तुळई टेकवावी. तुळयांवर आडव्या कड्या, आणि कड्यांवर फळ्या, असा हा सांगाडा असतो. एक इंच जाडीच्या फळीसाठी कड्यांमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत सोळा इंचांहून अधिक नसावे.

कड्यांच्या माथ्यावर डांबरी पट्टी चिकटवावी. स्क्रूच्या भोकांतून पाणी कडीत मुरते. ही स्वस्त पट्टी ते बरेचसे अडविते. ओटा घराच्या भिंतीस जोडू नये. भिंत व ओटा यांत एक इंच मोकळी जागा सोडावी. बाजू पत्र्याने वा फळ्यांनी बंद करू नयेत. उंदीर, साप व कुत्री खाली शिरू नयेत म्हणून तारेची जाळी लावावी. तीमधून वारा जातो.

फळ्या बसविणे

फळ्यांत किती फट ठेवावी, याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. मुंबईच्या हवेत लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या दिवसांत अदमासे ११ टक्के, तर पावसाळी दमट हवेत १८ टक्क्यांच्या घरात जाते. सागाची फळी पाण्याच्या दर एक टक्का वाढीस रुंदीत सुमारे ०.२ टक्का फुगते. म्हणजे चार इंच, अर्थात १०० मिलिमीटर रुंदीची फळी उन्हाळ्याहून पावसाळ्यात सुमारे दीड मिलिमीटर रुंद होते. प्रत्यक्ष भिजल्यावर याहूनही अधिक. फळ्या भिडवून बसविल्यास हा फुगवटा जागा न मिळाल्याने फळ्यांना कमान आणतो व स्क्रू उपटतो. म्हणून चैत्र-वैशाखात बसविताना दोन फळ्यांत सहा मिलिमीटर फट ठेवावी. सहा मिलिमीटर जाड सळईचे तुकडे मधे धरून काम केले, म्हणजे सर्व फटी सारख्या येतात. पावसाळ्यातही मग पाणी निथळण्यास व वारा जाण्यास पुरेशी वाट उरते.

चार इंचांहून रुंद फळ्या घेऊ नयेत. फळी जितकी रुंद, तितकी ती द्रोणासारखी वाकण्याची भीती अधिक. फळ्यांची लांबी उताराच्या दिशेने यावी व दर शंभर इंचांस एक इंच उतार बाहेरच्या बाजूस द्यावा. पाणसळ लावून हा उतार प्रत्यक्ष पाहावा.

खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत व ते न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड लवकर गंजते, गंजाने भोवतालचे लाकूड काळे पडते व तेथूनच ते कमजोर होते. समुद्रालगतच्या वाड्यांस या पोलादाची ३१६ क्रमांकाची जात घेणे योग्य. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या अडीचपट असावी. कठीण लाकडात आधी गिरमिटाने भोक पाडल्याखेरीज स्क्रू पिळू नये, नाहीतर टोक उकलते. दर कडीवर दोन स्क्रू घालावेत. ते फळीच्या कडेपासून पाऊण इंच व टोकापासून किमान दीड इंच आत असावेत. फळी कापल्यावर तिचे उघडे टोक लगेच तेल किंवा मेण लावून बंद करावे. टोकातून पाणी फार वेगाने आत शोषले जाते, आणि हे काम ‘मागाहून करू’ म्हणून सोडले की बहुधा राहूनच जाते.

साहित्याचा अंदाज

बारा फूट लांब व दहा फूट रुंद ओट्याचा हिशेब नमुन्यादाखल असा :

चार इंच रुंद, एक इंच जाड व बारा फूट लांब फळ्या २८ — सुमारे ९.३ घनफूट.
दोन इंच × चार इंच मापाच्या दहा फुटी कड्या १० — सुमारे ५.६ घनफूट.
तीन इंच × पाच इंच मापाच्या बारा फुटी तुळया ३ — सुमारे ३.७ घनफूट.
प्रत्येक तुळईखाली दर चार फुटांवर एक, याप्रमाणे बैठका १२.
स्क्रू ५६०, मोडतोडीसाठी काही अधिक.

एकूण लाकूड १८.६ घनफूट होते; कापणीतील तूट धरून सुमारे २१ घनफूट खरेदी करावे. तुळया व कड्या ऐनाच्या घेतल्यास सागाची गरज निम्म्यावर येते. खर्च वाचविण्यासाठी कड्यांतील अंतर वाढविणे किंवा साधे खिळे वापरणे मात्र अंती महाग पडते. एक फळी वाया जाते तेव्हा स्क्रूच्या बचतीहून कितीतरी अधिक रक्कम जाते.

निगा

उघड्यावरील साग कालांतराने करडा पडतो. उन्हाने लाकडाचा वरचा पातळ थर सुटतो व पावसाने तो धुपतो. हा केवळ रंगातील बदल आहे, कूज नव्हे. करडा रंग ज्यांस चालतो त्यांनी तेल न लावताही ओटा स्वच्छ राखला तर तो टिकतो. ज्यांस मूळ रंग हवा त्यांनी वर्षातून दोनदा, पावसाळा संपून लाकूड पुरते सुकल्यावर व पुन्हा मृगापूर्वी, तेलाचा पातळ हात द्यावा. उकळलेले जवसाचे तेल व टर्पेंटाइन समभाग मिसळून कापडाने लावावे आणि अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल पुसून घ्यावे. जाड थर चिकट राहतो व पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते; दमट जागी बुरशीनाशक मिसळलेले तयार लाकूडतेल अधिक बरे. व्हार्निशचा चकचकीत थर ओट्यावर देऊ नये. तो तडकतो, तडीतून पाणी आत शिरते आणि मग त्याच थराखाली कोंडून राहते.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगाने टाकल्यास ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम संपताच ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

झाडलोट हीच खरी निगा होय. आंबा-जांभळाची पाने फटींत अडकून कुजतात व स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवतात. बांबूच्या पातळ कांबीने फटी मोकळ्या कराव्यात. कुंड्या थेट फळीवर न ठेवता पायांवर ठेवाव्यात. शेवाळ धरल्यास काथ्याच्या ब्रशाने, सौम्य साबणाच्या पाण्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. जोराच्या पाण्याच्या यंत्राने धुतल्यास मऊ तंतू निघून फळी खरबरीत होते. पावसाळ्यात निळी ताडपत्री ओट्यावर अंथरण्याची चाल सर्वथा सोडावी. अंथरलेली ताडपत्री पाणी रोखीत नाही, ती वाफ कोंडते. छाया हवीच असेल तर ताडपत्री डोक्यावर, वारा जाईल अशी बांधावी.

वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर चढते. बैठका उंच व उघड्या असल्या, म्हणजे या नळ्या लगेच नजरेस पडतात. महिन्यातून एकदा वाकून खाली पाहावे, नळ्या आढळल्यास मोडाव्यात, आणि ओट्याखाली लाकडाचे तुकडे, सरपण वा पुठ्ठे साठवू नयेत. उपद्रव वाढल्यास परवानाधारक कीडनियंत्रकास बोलवावे. विहीर किंवा भाजीचा वाफा जवळ असल्यास ते त्यास आधी दाखवावे. आपल्या हाताने विषारी औषध जमिनीत ओतू नये.

वर्षाचे वेळापत्रक

चैत्र-वैशाख : सैल स्क्रू आवळावेत, फटी साफ कराव्यात, टोकांस तेल द्यावे, निचऱ्याची वाट मोकळी करावी.

ज्येष्ठ ते श्रावण : आठवड्यास एकदा झाडावे, शेवाळ काढावे. पुराचे पाणी ओट्यावर आल्यास ते ओसरताच गाळ धुऊन काढावा. वाळलेला गाळ फटी बंद करतो.

भाद्रपद : गणेशोत्सवात ओट्यावर एकाच वेळी पुष्कळ माणसे जमतात, आणि ओले लाकूड कोरड्याहून कमजोर असते. म्हणून उत्सवापूर्वी चारही नाजूक जागा टोच्याने तपासाव्यात. टोच्या सहज रुतला, किंवा हातोडीने ठोकता बद्द आवाज आला, तर ती फळी बदलल्याखेरीज ओट्यावर कोणास जाऊ देऊ नये.

आश्विन-कार्तिक : उन्हात दोन-तीन आठवडे सुकू द्यावे, मग हवे असल्यास तेल द्यावे.

मार्गशीर्ष ते फाल्गुन : कुजलेल्या फळ्या व कड्या बदलाव्यात, पुढील वर्षाच्या बदलीसाठी दोन-तीन फळ्या याच काळात रचून वाळत घालाव्यात.

सागाचे झाड गाभा धरून मोठे होण्यास कित्येक दशके लागतात. त्याच्या फळीने निदान एका पिढीची सेवा करावी, अशी अपेक्षा बाळगणे वाजवी आहे. त्यासाठी मालकास करावे लागते ते थोडेच : फळीफळीत सळईभर फट, खाली वाऱ्यास वाट, आणि दर आठवड्यास एक केरसुणीचा हात.